शुभेच्छुक, समस्त भुरटे चोर: रोमन भिंतींवरची शिवराळ थट्टा कशी वाचायची

पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका भिंतीवर निवडणुकीचं आवाहन रंगवलेलं आहे. उमेदवाराचं नाव मार्कुस केरिनियुस वातिया, पद एडाइलचं, म्हणजे शहराचा रोजचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं. मजकूर ठरलेल्या साच्यातला: वातियाला एडाइल म्हणून निवडून द्यावं, ही विनंती. विनंती करणारे कोण? ‘सेरी बिबी उनिवेर्सी’, म्हणजे रात्री उशिरापर्यंत पीत बसणारे समस्त लोक. त्याच वातियासाठी दुसऱ्या भिंतीवर ‘फुरुंकुली’ मत मागतात. फुरुंकुली म्हणजे भुरटे चोर. तिसरीकडे ‘दोर्मिएंतेस उनिवेर्सी’ आहेत, समस्त झोपाळू.

आपल्या चौकातला फ्लेक्स डोळ्यांसमोर आणा. वर हात जोडलेला उमेदवार, मध्ये ‘प्रचंड बहुमतांनी विजयी करा’ आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत एखाद्या सकाळी ‘समस्त पाकीटमार मित्रमंडळ’ असं छापलेलं दिसलं, तर रिक्षावाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना क्षणात कळेल. कारण शुभेच्छुकांची रांग कशी असते, त्यात कोणाची नावं येतात, ती का छापतात, हे आपण रोज बघतो. साचा डोक्यात पक्का असतो, म्हणून त्यात भरलेली चुकीची गोष्ट लगेच टोचते.

रोमन भिंतींवरचं शिवराळ लिखाण वाचताना आपली अडचण नेमकी इथे होते. शिवी दोन हजार वर्षांनंतरही कळते. ती ज्या साच्यात बसवली आहे तो साचा आपल्याला माहीत नसतो. मग दोन प्रकारची घाई होते. एक म्हणजे ‘घाणेरडं आहे, सोडून द्या’. दुसरी अलीकडची, ‘हा तर सामान्य माणसाचा सत्तेविरुद्धचा आवाज’. मला दोन्ही पटत नाहीत. आधी विचारायला हवं की ही ओळ कोणत्या प्रतिष्ठित मजकुराची नक्कल करते आहे. त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की थट्टा उघडते. नाही सापडलं, तर ती बहुधा साधी शिवी असते आणि तिला शिवीच म्हणावं.

भिंत आणि हात

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई गाडलं गेलं. त्यामुळे एरवी पावसात आणि चुन्याखाली नाहीसं झालं असतं असं लिखाण जागच्या जागी राहिलं. लॅटिन शिलालेखांच्या मोठ्या संग्रहाचा चौथा खंड यासाठीच राखलेला आहे. त्याचा पहिला भाग १८७१ मध्ये निघाला, आणि पॉम्पेईतल्या नोंदींची संख्या आता ११,०००च्या पुढे गेली आहे.

यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. एक रंगवलेलं लिखाण. ते व्यावसायिक रंगाऱ्यांचं काम. भिंतीचा पट्टा आधी पांढरा करायचा, मग लाल किंवा काळ्या रंगात ठाशीव अक्षरं काढायची. निवडणुकीची अडीच हजारांहून जास्त आवाहनं या पद्धतीची आहेत. काम रात्री चालायचं. एका रंगाऱ्याने, एमिलियुस केलेरने, सहीसोबत लिहून ठेवलं आहे की हे आपण एकट्याने चांदण्यात लिहिलं. दुसऱ्या एका भिंतीवर कंदीलवाल्याला उद्देशून ओळ आहे: ‘ए कंदीलवाल्या, शिडी धर.’ ही ओळ वाचली की ती रात्र समोर उभी राहते. एक जण शिडीवर, एक खाली कंदील घेऊन, हातात ओला कुंचला.

दुसरी जात खरवडलेल्या लिखाणाची. मेणपाटीवर लिहायची टोकदार लेखणी, खिळा, जे हाताशी असेल त्याने गिलाव्यावर ओरखडलेलं. ही अक्षरं बारीक असतात, बऱ्याचदा बोटभरही उंच नसतात, आणि जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. ग्राफिटी हा शब्द खरं तर यांच्यासाठीचा. आज आपण भिंतीवर लिहिणं म्हणजे विद्रूप करणं मानतो, पण त्या शहरात तसं सरसकट नव्हतं. माइउस कास्ट्रिकियुसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका श्रीमंत घरात ८५ ओरखडे सापडले आहेत, तेही आतल्या भिंतींवर, जिन्यात, पाहुण्यांच्या वाटेवर. मालकाने ते राहू दिले होते.

वाचता किती जणांना येत होतं, यावर वाद आहे. काही अभ्यासक रोमन जगासाठी १० ते १५ टक्क्यांचा अंदाज धरतात, तर पॉम्पेईच्या भिंती पाहून काहींना तो फार कमी वाटतो. एकाने मोठ्याने वाचलं की आजूबाजूचे चार ऐकतात, हे मात्र कोणत्याही काळात खरं. यातल्या पुष्कळ ओळी कानाला धरून रचलेल्या आहेत, त्या मनात वाचून पुरत्या कळत नाहीत.

वातियाचे पाठीराखे

आता पुन्हा वातियाकडे. आवाहनांचा साचा असा होता: उमेदवाराचं नाव, पदाचं संक्षिप्त रूप, मग ‘ओ.व्ही.एफ.’ ही तीन अक्षरं, म्हणजे ‘ओरो वोस फाकियातिस’, याला निवडून द्या ही विनंती. शेवटी पाठिंबा देणाऱ्याचं नाव. पाठिंबा देणारे बहुधा शेजारी, आश्रित किंवा एखाद्या धंद्यातले लोक असत. खेचरं हाकणारे एखाद्याला पाठिंबा देत, फळविक्रेते दुसऱ्याला. उमेदवाराचे गुणही थोडक्यात येत. गायुस युलियुस पोलिबियुसबद्दल लिहिलं आहे, ‘चांगली भाकरी देतो’. ब्रुत्तियुस बाल्बुसबद्दल, ‘हा खजिना सांभाळेल’.

एडाइल हा अधिकारी काय करायचा, ते कळलं की वातियाची भिंत बोलू लागते. बाजारपेठ, रस्ते, सार्वजनिक इमारती, गावातली रोजची शिस्त ही त्याच्याकडची कामं. म्हणजे उशिरापर्यंत पिणारे, भुरटे चोर आणि झोपाळू ही यादी उगाच सुचलेली नाही. एडाइलने कामात कुचराई केली तर ज्यांचं फावेल, तेच लोक त्याच्यासाठी मत मागताना दाखवले आहेत. वातियाला कोणी थेट नालायक म्हटलेलं नाही. याच्या राज्यात कोण खूश असेल एवढंच सांगितलं आहे, आणि तेही पाठिंब्याच्या सभ्य भाषेत.

याच्या उलट बाजूचं म्हणणंही विचारात घ्यायला हवं. काही अभ्यासकांना वाटतं की ‘उशिरा पिणारे’ हे खाणावळीत जमणाऱ्या दोस्तांच्या टोळक्याने स्वतःच घेतलेलं गमतीचं नाव असावं, आणि पाठिंबा खरा असावा. पिणाऱ्यांच्या आवाहनाखाली रंगाऱ्यांची सही आहे, ‘लिहिलं फ्लोरुसने, फ्रुक्तुसबरोबर’. बदनामी करणारा सही कशाला करेल, असा तो युक्तिवाद. मला तो एकट्या पिणाऱ्यांपुरता चालेलसा वाटतो. पण भुरटे चोर आणि झोपाळू यांना शेजारी ठेवलं की तिन्हींमागे एकच डोकं दिसतं. तीन टोळक्यांनी एकाच माणसासाठी आपापलं बदनाम नाव मिरवावं, हे पटायला जड आहे.

अशा पाठिंब्याने उमेदवाराला खरंच झोंबायचं का? याचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. पॉम्पेईच्या मुख्य रस्त्यावर अन्न आणि पेयं विकणारं एक दुकान आहे, असेलिनाचं म्हणून ओळखलं जातं. ओट्यात मडकी बसवलेली, आणि बाहेरच्या भिंतीवर निवडणुकीची आवाहनं. त्यांत बायकांची नावं आहेत: असेलिना, एग्ले, मारिया, झ्मिरिना. या बायकांना मताचा अधिकार नव्हता, तरी त्या उघडपणे उमेदवारांसाठी विनंती करत होत्या. मघाशी भाकरीवाला म्हणून आलेल्या पोलिबियुसच्या नावाचं एक आवाहन झ्मिरिनाकडून आहे. त्यात फक्त तिच्या नावावर चुन्याचा हात फिरवलेला आहे. उमेदवाराचं नाव, पद, विनंती सगळं शाबूत, तेवढं तिचं नाव झाकलेलं. पुसण्यामागे उमेदवार होता असं सहसा मानतात, आणि मलाही तेच सरळ वाटतं. खाणावळीतल्या बाईचा पाठिंबा प्रामाणिक असला तरी वाचणाऱ्याला तो थट्टेसारखा दिसेल, ही भीती त्या चुन्यात आहे. खरा पाठिंबा आणि टवाळी यांच्यामधली रेघ इतकी बारीक होती.

सरकारी भाषेची चोरी

साचा उसना घेण्याचा प्रकार निवडणुकीपुरता नाही. एका भिंतीवर कोणीतरी सभागृहात ठराव मांडावा तशा भाषेत लिहिलं आहे: सामाईक तिजोरी वाटून टाकावी असा प्रस्ताव आहे, कारण आपल्या तिजोरीत पुष्कळ पैसा आहे. शिवी एकही नाही. ठरावाचं व्याकरण पक्कं आहे, फक्त मागणी भिंतीजवळून जाणाऱ्या माणसाची आहे. ‘हा खजिना सांभाळेल’ अशी आश्वासनं ज्या शहरात रंगवली जात होती, त्याच शहरातली ही ओळ.

दुसरी ओळ जास्त धारदार आहे. ‘कुकुता, नेरो ऑगुस्तुसचा हिशेबनीस.’ हिशेबनिसाचं हे पद खरोखर अस्तित्वात होतं, सम्राटाच्या आर्थिक कारभाराचा प्रमुख तो. आणि ‘किकुता’ म्हणजे हेमलॉक, विषारी वनस्पती. कुकुता हे तिचंच बोलीतलं रूप मानलं, तर ओळीचा अर्थ होतो की नेरोचा खजिना विष सांभाळतं. लोकांना मारून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतल्याचे आरोप नेरोवर प्राचीन लेखकांनी केलेच आहेत. कुकुता हे एखाद्या खऱ्या माणसाचं नाव असण्याची शक्यताही अभ्यासक मोजतात. पण विष आणि खजिना एकाच ओळीत, तेही पदनामासकट, हा योगायोग मला फार नेटका वाटतो.

मग ती प्रसिद्ध संडासातली ओळ. शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये एका घराच्या शौचकुपात लिहिलं आहे: ‘अपोलिनारिस मेदिकुस तीती इंपेरातोरिस हिक काकावित बेने.’ याचं भाषांतर करताना मी बराच वेळ अडलो. ‘सम्राट तीतुसचे वैद्य अपोलिनारिस यांनी येथे उत्तम प्रकारे शौच केले’ असं लिहिलं, तर अर्थ बरोबर येतो आणि ओळ मरते. ‘काकावित’ हे क्रियापद सभ्य नाही. मराठीत त्याचा नेमका भाऊ ‘हगला’ आहे. म्हणजे ओळ अशी व्हायला हवी: ‘सम्राट तीतुसचे राजवैद्य अपोलिनारिस इथे झकास हगले.’ पहिला अर्धा भाग संगमरवरी पाटीवर कोरण्याजोगा आहे. नाव, व्यवसाय, सम्राटाशी असलेलं नातं, सगळं मानाच्या क्रमाने. आणि मग शेवटी ते क्रियापद. वैद्याने हे स्वतः लिहिलं असेल असं मला वाटत नाही. तीतुस इ.स. ७९च्या जूनमध्ये सम्राट झाला आणि त्याच वर्षी ज्वालामुखी फुटला, म्हणून ही थट्टा अगदी ताजी, काही महिन्यांतली असणार. दरबाराचं नाव लावून मिरवणाऱ्या माणसाचं पोट इतरांसारखंच चालतं, एवढं ती सांगते. शब्द सोज्वळ केला की नेमकं हेच सांगणं नाहीसं होतं.

चित्रांतही हीच चोरी चालते. पॉम्पेईबाहेरच्या ‘व्हिला ऑफ मिस्टरीज’ या हवेलीत एक चेहरा ओरखडलेला आहे. टक्कल, लांबलचक बाकदार नाक, पुढे आलेली टोकेरी हनुवटी, आणि डोक्याला लॉरेलच्या पानांची माळ. वर दोन शब्द: ‘रूफुस एस्त’, हा रूफुस. चेहरा बाजूने काढला आहे. आता रोमन माणसाच्या हातात रोज बाजूने काढलेला, डोक्यावर माळ असलेला, कडेला नाव कोरलेला चेहरा कोणता येत होता? नाण्यावरचा, सम्राटाचा. ओरखडणाऱ्याने मांडणी नाण्याची घेतली आणि आत रूफुसचं नाक बसवलं. माळ नसती तर ते केवळ एका टकल्या माणसाचं वाईट चित्र झालं असतं.

महाकाव्यही सुटलेलं नाही. व्हर्जिलच्या ‘इनिड’ची सुरुवात ‘शस्त्रं आणि वीर यांचं मी गाणं गातो’ अशी होते. ती ओळ शाळेत घोकलेली, म्हणून पॉम्पेईच्या भिंतींवर ती ठिकठिकाणी लिहिलेली सापडते. फाबियुस उलुलित्रेमुलुस नावाच्या माणसाच्या दर्शनी भिंतीवर दोन भव्य चित्रं होती, रोमचे मूळ पुरुष एनियास आणि रोमुलुस यांची, रोममध्ये ऑगुस्तुसने उभारलेल्या पुतळ्यांच्या धर्तीवर. त्यांच्याजवळ कोणीतरी ओरखडलं: ‘परीट आणि घुबड यांचं मी गाणं गातो, शस्त्रं आणि वीर यांचं नाही.’ परटांची देवी मिनर्व्हा, तिचा पक्षी घुबड, आणि घरमालकाच्या नावातही घुबडाचा शब्द. कपडे धुणाऱ्यांचं काम मुतारीत साठवलेल्या लघवीवर चाले. त्या धंद्याने राष्ट्राच्या काव्यातली वीराची जागा एका ओळीत पटकावली.

गोफणगुंड्यावरचं राजकारण

सर्वात ओंगळ राजकीय लिखाण भिंतीवर नाही, शिशावर आहे. इ.स.पू. ४१-४०च्या हिवाळ्यात ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या ऑगुस्तुसने, पेरुसिया गावाला वेढा घातला. आत होता त्याचा सत्तेतला स्पर्धक मार्क अँटनी याचा भाऊ लुकियुस, आणि त्याच्या बाजूने सैन्य उभं करण्यात पुढे होती अँटनीची बायको फुल्विया. दोन्हीकडून गोफणी चालल्या. बदामाच्या आकाराचे, तळहातात मावणारे शिशाचे गुंडे. ते पुढे जमिनीतून सापडले आणि त्यांवर अक्षरं निघाली.

‘पेतो ऑक्तावियानी कूलुम.’ ऑक्टेव्हियनच्या ढुंगणावर माझा नेम आहे. मी ढुंगण लिहिलं, मूळ शब्द त्याहून उघडा आहे, आपण जो चारचौघांत छापत नाही तो. ‘पेतो’मध्ये नेम धरणं आणि हवं असणं, दोन्ही येतं. पलीकडून आलेल्या गुंड्यावर फुल्वियाच्या गुप्तांगाचं नाव घेऊन तोच ‘पेतो’. आणखी एकावर, ‘टकल्या लुकियुस अँटोनियुस, तू मेलास’. आणि एकावर कुठलीच शिवी नाही, तरी तो मला सगळ्यांत क्रूर वाटतो: ‘उपाशी आहेस आणि माझ्यापासून लपवतोस.’ गावात अन्न संपत आलं होतं आणि शेवटी शरणागतीही भुकेनेच आली.

ही अक्षरं बरीचशी साच्यातून ओतलेली आहेत. साच्यात अक्षरं उलटी कोरावी लागतात, म्हणजे आधी विचार, मग कोरीवकाम, मग ओतकाम. एरवी अशा गुंड्यांवर सेनापतीचं किंवा पलटणीचं नाव असायचं, म्हणजे हाही अधिकृत मजकुराचाच साचा. म्हणून याला चिडलेल्या शिपायाच्या तोंडून निघालेली शिवी म्हणता येत नाही. छावणीच्या मंजुरीने निघालेला हा प्रचार आहे. फुल्वियावरच्या सहा अश्लील ओळी खुद्द ऑक्टेव्हियनच्या म्हणून मार्शल या कवीने उद्धृत केल्या आहेत. शिवराळपणा खालून वर जातो, गरिबाकडून श्रीमंताकडे, असा आपला समज असतो. पेरुसियात तो वरून ठरवलेला होता.

पण शरीरच का? रोमन समाजात स्वतंत्र नागरिक पुरुषाची इभ्रत त्याच्या देहाच्या अभेद्यतेवर उभी होती. फटके खावेत गुलामाने, देह दुसऱ्याच्या उपयोगी पडावा तो गुलामाचा. म्हणून ऑक्टेव्हियनच्या पार्श्वभागावर नेम धरणं म्हणजे त्याला राज्य करायला नालायक म्हणणं. बाई सैन्य उभं करते म्हटल्यावर तिला परत तिच्या अवयवापाशी आणून ठेवणं, हे त्याच विचाराचं दुसरं टोक. ही चेष्टा आपल्याला आवडावी असं काही नाही. ती काय सांगते हे मात्र समजून घ्यायला हवं.

पाटीखालची ओळ

राजधानीत हत्यार जास्त बारीक होतं. इ.स.पू. १२१ मध्ये ओपिमियुस या कौन्सुलने, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, गायुस ग्राक्कुस हा सुधारक नेता आणि त्याच्या अनुयायांची कत्तल केली आणि मग एकोप्याच्या देवीचं, कॉन्कॉर्डियाचं मंदिर बांधलं. रात्रीतून कोणीतरी त्याच्या कोनशिलेखाली एक ओळ जोडली. चरित्रकार प्लुटार्कने ती ग्रीकमध्ये दिली आहे, आणि तिची शब्दजोडी मराठीत अशी आणता येईल: दुर्मतीचं काम एकमतीचं मंदिर बांधतं.

सीझर राजासारखा वागू लागला तेव्हा ज्या ब्रुटुसने पूर्वी राजांना हाकललं, त्याच्या पुतळ्याखाली लिहिलं गेलं, ‘आज तू असतास तर!’ नेरोने आईला ठार करवलं, तेव्हा त्याच्या पुतळ्याच्या गळ्यात पोतं बांधलं गेलं, कारण आई-बापाच्या खुन्याला पोत्यात शिवून पाण्यात टाकायची शिक्षा होती. इ.स. ६८ मध्ये गॉल प्रांताने बंड केलं, आणि खांबांवर लिहिलेलं दिसलं की याच्या गाण्याने ‘गाल्ली’सुद्धा जागे झाले. गाल्ली म्हणजे गॉलचे लोक, आणि कोंबडेही. नेरोला गायनाचा किती सोस होता हे सगळ्या रोमला माहीत होतं. सम्राट डोमिशियनने गावभर कमानी उभारल्या, तेव्हा एका कमानीवर ग्रीक अक्षरांत एकच शब्द आला, ‘आर्की’. ऐकताना लॅटिनमधली कमान, अर्थ ग्रीकमधला: पुरे.

ही सगळी उदाहरणं प्लुटार्क आणि सुएटोनियुस या चरित्रकारांमुळे टिकली, भिंती कधीच गेल्या. लिहिणाऱ्यांची नावं नाहीत, त्याला कारण आहे. बदनामीकारक पद्याला बारा पाट्यांच्या जुन्या कायद्यातच मृत्युदंड होता, आणि ऑगुस्तुसच्या काळात राजद्रोहाचा कायदा बदनामीच्या लिखाणालाही लावला गेला. तरी सुएटोनियुस सांगतो की नेरोने असल्या ओळी लिहिणाऱ्यांचा पिच्छा पुरवला नाही. म्हणून प्रत्येक ओळीमागे जिवावर उदार झालेला माणूस कल्पू नये.

जे विडंबन नाही

पॉम्पेईत एका बेकरीत दगडी फलकावर लिंग कोरलेलं होतं आणि भोवती शब्द, ‘इथे सुख नांदतं’. याला अश्लील विनोद समजणारे पर्यटक पुष्कळ. रोमन लोकांसाठी लिंग हे दृष्ट काढणारं चिन्ह होतं, मुलांच्या गळ्यात ताईत म्हणून घालायचे. बेकरीवाला भरभराट मागतो आहे. मराठी वाचकाला हे समजायला आपल्या गधेगाळी पुरेशा आहेत. कोकणात, गोव्यात, देशावर दानाच्या शिळेवर गाढव आणि स्त्री कोरून ठेवलेले असतात. चित्र अत्यंत अभद्र, हेतू अत्यंत गंभीर: हे दान मोडशील तर हा शाप. तिथे हसणं अपेक्षितच नव्हतं.

२०२२ मध्ये इंग्लंडमधल्या विंडोलांडा या रोमन ठाण्यात एक दगड सापडला. त्यावर लिंग आणि ‘सेकुंदिनुस काकोर’, म्हणजे सेकुंदिनुस हगरा. दगड सुमारे ४० सेंटिमीटर रुंद आणि अक्षरं खोल कोरलेली, तासन्‌तास लागले असणार. इतका राग मन लावून कोरला गेला याचं मला फार कुतूहल वाटतं, पण इथे उसना साचा नाही, पद नाही, पाटी नाही. एका माणसाचा दुसऱ्यावरचा राग आहे.

हा फरक करायला लोकांनी उशीर केला, कारण ऐवजच कुलपात होता. १८१९ मध्ये नेपल्सच्या राजपुत्राने बायको आणि मुलीसह संग्रहालय पाहिलं आणि अश्लील वाटणाऱ्या वस्तू वेगळ्या खोलीत हलवायला लावल्या. १८४९ मध्ये त्या खोलीचं दार विटांनी चिणलं गेलं. ती सर्वांसाठी नीट खुली झाली २००० साली. त्या ‘गुप्त दालना’त बेकरीवाल्याच्या फलकासारख्या गोष्टी आणि खरंच टवाळ चित्रं एकाच शिक्क्याखाली आली. १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीही त्याच दालनात गेली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला निघाली आहे. अंगावर दागिने, वस्त्र जवळजवळ नाही, दोन बाजूंना दासी. आपल्या लेण्यांत अशा मूर्तीकडे कोणी वळूनही बघत नाही.

दोन गाढवं

रोममध्ये पॅलाटिन टेकडीवर एक इमारत आहे, पेडागोगियुम म्हणतात. सम्राटाच्या घरातली गुलाम मुलं तिथे राहात, कामाचं शिक्षण घेत. १८५७ मध्ये तिथल्या गिलाव्यावर एक ओरखडा सापडला. साधारण इ.स. २००च्या आसपासचा धरतात. क्रूसावर एक माणूस आहे, पाठमोरा, त्याचं डोकं गाढवाचं. खाली डावीकडे एक तरुण हात उंचावून उभा. ग्रीक अक्षरं अडखळत लिहिली आहेत: ‘अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो.’ पूजा करतो या शब्दाचं लेखनही चुकलेलं आहे.

साचा पूजेच्या चित्राचा आहे, देव आणि समोर भक्त. आत काय भरलं आहे? क्रूस, म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना देण्याची लाजिरवाणी शिक्षा. आणि गाढवाचं डोकं, कारण ख्रिस्ती लोक गाढव पूजतात अशी अफवा तेव्हा फिरत होती. कार्थेजच्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानेही गाढवाचे कान आणि खूर असलेल्या, टोगा हे रोमन नागरिकाचं वस्त्र घालून पुस्तक धरलेल्या देवाच्या टवाळ चित्राबद्दल लिहिलं आहे. विडंबन म्हणून हे चित्र चोख आहे. पण त्याचा रोख सम्राटावर नाही, गुलामांमधल्याच एका मुलावर आहे. बहुसंख्यांनी एकट्याला केलेली ही चेष्टा. विडंबन म्हटलं की ते नेहमी दुबळ्याच्या बाजूचं असतं, असं मानणाऱ्याने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं. शेजारच्या खोलीत लॅटिनमध्ये दोन शब्द सापडले: ‘अलेक्सामेनोस फिदेलिस’, अलेक्सामेनोस निष्ठावान. ते त्याचं स्वतःचं उत्तर असेल, एखाद्या मित्राचं असेल. मला ते उत्तरच वाटतं.

त्याच इमारतीत दुसरं गाढव आहे, जातं ओढणारं. रेघा सराईत हाताच्या आहेत, आणि शेजारी ओळ: ‘राब गाढवा, मी राबलो तसा, त्याचा तुला फायदा होईल.’ आवाज वडीलधाऱ्याचा, मास्तरचा, कष्टाचं फळ गोड सांगणाऱ्याचा. जातं ओढणं ही मात्र रोमन नाटकांतली गुलामाची ठरलेली शिक्षा. तिथल्या भिंतींवर पुन्हा पुन्हा एक वाक्य येतं, ‘अमुक पेडागोगियुममधून बाहेर पडतो’: कोरिंथुस बाहेर पडतो, मारियानुस आफेर बाहेर पडतो. गाढवाच्या ओळीत ‘मी राबलो’ हे भूतकाळात आहे आणि ‘फायदा होईल’ भविष्यकाळात. मला तो लिहिणारा दिसतो तो असा: आपली पाळी संपलेला, निघायच्या तयारीतला, आणि मागे राहणाऱ्या पोरांसाठी मास्तरांचं वाक्य मास्तरांच्याच आवाजात भिंतीवर ठेवून जाणारा.